पुणे ते दादर, आणि परत

मागच्या महिन्यात ईमेलची साठवण भरत आल्याचा इशारा आला, म्हणून जुना पसारा काढायला बसले आणि रेल्वे आरक्षणाच्या नोंदी एकाखाली एक निघत गेल्या. जुलै २०१३ ते फेब्रुवारी २०१५ या काळातील माझ्या ३१ फेऱ्या. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरांचा आहे आणि दादर मुंबईच्या टोकापासून नऊ किलोमीटर अलीकडे येते. जाताना मी दादरला उतरत असे आणि परतताना गाडी टोकापासून पकडत असे, म्हणजे जाण्यापेक्षा येणे नऊ किलोमीटरांनी लांब पडे. हे अंतर मी एका माणसासाठी ३१ वेळा गेले आणि तो माझ्यासाठी एकदाही आला नाही. त्या वेळी हा हिशेब मी मांडला नव्हता. खरे सांगायचे तर मांडायचे टाळले होते, कारण आकडा समोर आला असता तर त्याचे काय करायचे हेही ठरवावे लागले असते.

'एकतर्फी प्रेम' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांनी पार बिघडवून ठेवला आहे. 'एकतर्फी प्रेमातून' एवढे वाचले की पुढे हल्ला, पाठलाग किंवा त्याहून भयंकर काहीतरी येणार हे आपण गृहीत धरतो, आणि डोळ्यांसमोर नकार न पचवणारा एखादा तरुण उभा राहतो. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याच घरी, त्याच्याच अंथरुणात, त्याच्या निमंत्रणावरून असलेल्या माणसाचे प्रेमही एकतर्फी असू शकते, हे त्या शब्दात कुठेच मावत नाही. माझे तसे होते.

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या वाक्यांतील चुका काढणे हा माझा व्यवसाय आहे, आणि त्या काळात मी ३२ वर्षांची, पुण्यात आईबरोबर राहणारी, लग्नाचा विषय निघाला की प्रुफांचा गठ्ठा पुढे ओढणारी बाई होते. तो मुंबईत वास्तुरचनाकार होता. जुन्या वाड्यांवरच्या एका पुस्तकासाठी त्याने आराखडे काढून दिले होते आणि त्याच पुस्तकाची प्रुफे माझ्याकडे होती. चौक, सोपा, ओसरी, माजघर यांची नावे आराखड्यांत कुठे कशी लिहावीत यावरून आमची पहिली बोलाचाली झाली. पुस्तकाच्या कामासाठी तो दोनदा पुण्याला आला होता, पण तेव्हा आमचे काही सुरू व्हायचे होते. ज्या दिवशी ते सुरू झाले त्या दिवसानंतर त्याला पुण्याची गरज उरली नाही.

त्याने मला फसवले नाही, हे आधीच लिहून टाकते. कारण ही कहाणी सांगायला लागले की ऐकणारा दुसऱ्याच वाक्याला त्याला दोषी ठरवून मोकळा होतो. पहिल्याच रात्री, काही घडण्याच्या आधी, त्याने स्वतःहून सांगितले होते, "मला लग्न, नातं, असलं काही नकोय. आत्ता नाही, आणि पुढे हवं असेल असंही वाटत नाही. हे तुला चालणार असेल तरच." मी म्हणाले, "चालेल."

मराठीत 'चालेल'इतका सोशिक शब्द दुसरा नसेल. चहात साखर कमी पडली तरी चालते, खिडकीची जागा मिळाली नाही तरी चालते, पाहुणे दोन दिवस जास्त राहिले तरी चालते. त्यात होकार असतो, आनंद असेलच असे नाही. माझ्या 'चालेल'मध्ये मात्र आणखी एक गोष्ट दडलेली होती, जी मी त्याला सांगितली नाही, आणि ती अशी की त्याच्या अटी मला मुळीच मान्य नव्हत्या. सहवासाने तो बदलेल, शरीरे एकदा जवळ आली की इंजिनामागून डबे यावेत तसे त्याचे मन मागून येईल, अशी माझी खात्री होती. तो जे देत होता ते मी घेत होते; पण मी जे देत होते ते मात्र, त्याला न कळवता, आगाऊ रक्कम म्हणून देत होते.

फेऱ्यांची एक रीत बसून गेली. गुरुवारी रात्री त्याचा संदेश येत असे: "शनिवारी आहेस का?" मी कुठे असणार, पुण्यातच असणार, तरी त्या प्रश्नाचा अर्थ काय हे आम्हा दोघांनाही कळत असे. शनिवारी सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन. भोवती पासधारकांची वर्षानुवर्षांची बैठक, ठरलेल्या जागा, ठरलेली थट्टा, डायनिंग कारमधून येणारा कटलेटचा वास, आणि त्यांच्यात मी, जिचे कुठे जाणे आहे हे तिच्या आईलाही ठाऊक नाही. घाट उतरण्याआधी ब्रेकच्या तपासणीसाठी गाडी थांबते. तेवढ्या वेळात मी केस सोडून पुन्हा बांधत असे. बोगद्यांत फोनला रेंज नसते याचे मला बरे वाटे, कारण 'आज नको, काम निघालं' असा संदेश आलाच तर तो निदान कर्जतपर्यंत माझ्यापर्यंत पोहोचणार नव्हता.

आईला मी ठाण्याच्या मैत्रिणीचे नाव सांगत असे. त्या मैत्रिणीसाठी आई दर वेळी डबा भरून देई, स्टीलचा, चौकोनी, घट्ट झाकणाचा. थालिपिठे, कधी गूळपोळी, उन्हाळ्यात आंब्याचा साखरांबा. तो ते फार आवडीने खाई. बोटे चाटत म्हणे, "काकूंना सांग, जबरदस्त झालंय." ते 'काकू' ऐकून मी दोन दोन दिवस हवेत असे. ज्या बाईला तो कधी भेटला नव्हता आणि भेटण्याची ज्याची तयारी नव्हती, तिला त्याने काकू म्हणावे यात मला नात्याचा पुरावा दिसत होता. मुंबईत भाजीवालीलाही लोक मावशी म्हणतात, हे माझ्यासारख्या शब्दांत वावरणाऱ्या बाईच्या लक्षात यायला हवे होते.

त्याच्या घरातील माझ्या वास्तव्याबद्दल लिहिणे अवघड आहे, पण ते टाळले तर बाकीचे लिहिण्यात अर्थ नाही. तो रांगडा नव्हता, उतावळा नव्हता, वाईट तर नव्हताच. अंधार पडल्यावर तो माझ्याशी जितक्या मऊपणाने बोले तितके त्याआधी किंवा नंतर माझ्याशी कुणी बोललेले नाही. "मला तू हवी आहेस" हे वाक्य तो त्या वेळी म्हणत असे, आणि ते अगदी खरे असे. सकाळी ते संपलेले असे. सकाळी "मला तू आवडतेस" एवढेच उरे, आणि आवडण्याचे काय, मराठीत माणसाला माणूसही आवडतो आणि भरली वांगीही आवडतात. प्रेमासाठी आपल्याकडे निराळी रचना आहे: माझे तुझ्यावर प्रेम आहे. त्यात प्रेम कुणी करत नाही, ते असते, आणि दुसऱ्यावर असते, शाल पांघरलेली असावी तसे. १९ महिन्यांत ते वाक्य त्याच्या तोंडून आले नाही. मीही ते गिळत राहिले.

झोपताना तो दुसरी चादर काढून देई. उकाडा असो वा थंडी, त्याची चादर निराळी, माझी निराळी. "मला झोपेत कुणी लागलेलं चालत नाही," हे त्याने सरळपणे सांगितले होते. तासाभरापूर्वी ज्याच्या आणि माझ्यात बोटभर अंतर नव्हते तो भिंतीकडे तोंड करून झोपलेला असे, आणि मी त्याच्या पाठीकडे पाहत, हात लागू नये म्हणून स्वतःचा हात उशीखाली घालून पडून राही. एकदा मी माझा दात घासण्याचा ब्रश त्याच्या बेसिनवरच्या पेल्यात मुद्दाम ठेवून आले. पुढच्या खेपेला तो खालच्या खणात, जुन्या वस्तऱ्यांशेजारी सापडला. त्याने टाकून दिला नव्हता, एवढ्यावरच मी समाधान मानले.

माझ्या शरीराला काय हवे आहे हे त्याने फारसे विचारले नाही; आणि मीही सांगितले नाही. हे दुसरे वाक्य लिहायला मला बारा वर्षे लागली. मागणी केली तर भाव वाढेल आणि गिऱ्हाईक निघून जाईल, अशी एक दुकानदारी माझ्या डोक्यात चालू होती. त्याला सोपे जावे म्हणून मी सतत कमी होत गेले. पोटात दुखत असले तरी जाई, प्रुफे अडकलेली असली तरी जाई. लोक अशा संबंधांना सैलपणा म्हणतात. माझ्या आयुष्यात त्याहून जास्त शिस्तीचा काळ दुसरा नाही.

मग ते टिकले कसे, असे कुणीही विचारील. टिकले ते अधूनमधून मिळणाऱ्या दाण्यांवर. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे कबुतरांवरील प्रयोग प्रसिद्ध आहेत: चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळण्याऐवजी कधी मिळेल याचा नेम नसेल, तर कबूतर अधिक चिकाटीने चोच मारत राहते आणि दाणे पुरते बंद झाले तरी ती सवय लवकर सुटत नाही. माझा दाणा म्हणजे २०१४ च्या जानेवारीतील एक संध्याकाळ. त्या दिवशी तो मला माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समध्ये फिरायला घेऊन गेला, झाडांखालच्या अर्धवट उजेडात त्याने माझा हात धरला आणि आपल्या वडिलांच्या आजारपणाबद्दल तो तासभर बोलला. काही मागण्यासाठी नव्हे, नुसता बोलला. त्या एका संध्याकाळीवर मी पुढचे चार महिने काढले. दर शनिवारी मला वाटे, आज पुन्हा बागेत जाऊ.

बागेत गेलो नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मात्र एकदा निष्काळजीपणा झाला, आणि रविवारी रात्री पुण्यात उतरल्यावर मी रिक्षाने आमच्या भागापासून लांबच्या एका औषधाच्या दुकानात गेले. ती गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची असते, जितकी लवकर तितकी चांगली, हे मला वाचून माहीत होते. दुकानदाराने ती कागदात गुंडाळून, माझ्याकडे न पाहता दिली. गोळीने पाळी मागेपुढे होऊ शकते हेही माहीत होते, तरी ती नऊ दिवस लांबली तेव्हा ते ज्ञान उपयोगी पडले नाही. पाचव्या दिवशी मी त्याला कळवले. त्याचे उत्तर लगेच आले: "काळजी घे. पैसे लागले तर सांग." दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती. नवव्या रात्री आई शेजारच्या खोलीत झोपलेली असताना न्हाणीघरात मला रक्त दिसले आणि मी तिथेच फरशीवर बसून राहिले. सुटल्याच्या आनंदात एक बारीकशी निराशाही होती, आणि तिची मला जितकी लाज वाटली तितकी बाकी कशाचीच वाटली नाही. आमच्यात जे काही होते त्याचे शरीर नावाचे सगळे काम माझ्या वाट्याला होते, आणि त्याच्या वाट्याला शनिवार.

डिसेंबरात तो पुण्याला आला. मित्राच्या लग्नाला. कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात, माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर, आणि जेवून त्याच रात्री परत गेला. मला ते चार दिवसांनी एका छायाचित्रावरून कळले. मोतिया रंगाच्या झब्ब्यात तो पंगतीत बसला होता आणि जिलबीकडे पाहून हसत होता. मी विचारले तेव्हा त्याने काहीही लपवले नाही. म्हणाला, "अगं, वेळच नव्हता. आणि तुझ्या घरी येऊन मी काय म्हणून ओळख करून देणार होतो?" प्रश्न रास्त होता. माझ्याकडे उत्तर नव्हते. चिडायला जागा शोधत होते आणि ती सापडत नव्हती, कारण त्याने मोडले असे काहीच नव्हते.

यानंतर मी ताठ मानेने सगळे संपवले असे लिहिता आले असते तर बरे दिसले असते. मी आणखी दोनदा गेले. फेब्रुवारीतल्या शेवटच्या खेपेला, रविवारी दुपारी, निघायला तास असताना, मी ते वाक्य बोलून टाकले. तो खिडकीशी उभा होता. बराच वेळ काही बोलला नाही, मग आत जाऊन चहाचे आधण ठेवून आला आणि म्हणाला, "हे तू आधी सांगितलं असतंस, तर मी तुला बोलावलंच नसतं."

मी हे वाक्य अनेकांना ऐकवले आहे आणि बहुतेकांना ते क्रूर वाटते. मला ते त्याच्या सर्वांत सभ्य वाक्यांपैकी एक वाटते. तो खरोखरच बोलावणार नव्हता. माझे प्रेम आहे हे कळल्यावर माझे शरीर वापरत राहणे त्याला पटले नसते, आणि नेमके हेच ठाऊक असल्यामुळे मी १९ महिने गप्प राहिले होते. त्याने अटी उघड ठेवल्या. मी माझ्या लपवल्या. त्याला संमती दिली ती एका बाईने, जी प्रत्यक्षात अस्तित्वात नव्हती. त्याने मला ओळखले नाही अशी तक्रार मी मनात पुष्कळ वर्षे वागवली, पण मी ओळखायला ठेवले काय होते?

त्याला मात्र काहीच दिसले नसेल, यावर माझा आजही विश्वास नाही. ब्रश खणात ठेवणाऱ्या हाताला ब्रश का ठेवला गेला हे कळत असते. रॉय बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एकतर्फी प्रेमावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात दोन्ही बाजूंच्या माणसांकडून आठवणी लिहून घेतल्या होत्या. प्रेम करणाऱ्यांच्या आठवणीत समोरच्याने आशा लावलेली होती आणि नकार कधी स्पष्ट मिळालाच नव्हता. ज्यांनी नाकारले त्यांच्या लिखाणात अपराधीपणा होता आणि तो कमी व्हावा अशी मांडणीही होती. ते वाचताना मला फाइव्ह गार्डन्स आठवले. माझ्या आठवणीत तो हात म्हणजे कबुली आहे. त्याच्या आठवणीत कदाचित वडील आजारी असतानाची एक वाईट संध्याकाळ असेल आणि शेजारी कुणीतरी होते एवढेच.

या दुःखाला नाव नाही हे मला पुढे बरेच दिवस टोचत राहिले. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील आठ नायिकांमध्ये मी स्वतःला शोधून पाहिले, धंद्याची सवय म्हणून. संकेतस्थळी प्रियकर आलाच नाही ती विप्रलब्धा. माझा दार उघडून उभा असे. दुसरीच्या खुणा अंगावर घेऊन पहाटे येतो त्याची ती खंडिता. दुसरी कुणी नव्हती. भांडून दुरावली ती कलहांतरिता, पण आम्ही कधी भांडलो नाही. प्रियकराला भेटायला स्वतः निघते ती अभिसारिका, ही त्यातल्या त्यात जवळची. तिला अंधार, पाऊस आणि साप आडवे येतात, मला सव्वासातची गाडी आणि प्रतीक्षा यादी. पण तिच्या वाटेच्या शेवटी निदान प्रेम असते. जिला भेट मिळते आणि प्रेम मिळत नाही, तिच्यासाठी नववी ओळ कुणी लिहिलेली नाही.

कायद्यातही तसेच. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली तेव्हा तिच्या कलम ६९ ची चर्चा आमच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत रंगली होती. पाळण्याचा इरादा नसताना लग्नाचे वचन देऊन किंवा अन्य कपटाने संबंध ठेवल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा. एक तरुण सहकारी म्हणाली, "बरं झालं, असल्या माणसांना धडा मिळायलाच हवा." मी माझ्या डब्यातली भाजी ढवळत बसले. मला कुणी वचन दिले नव्हते, आणि आमच्या दोघांत कपट शोधायचेच झाले तर ते कुणाच्या बाजूला सापडले असते, हे मला माहीत होते.

त्या शेवटच्या रविवारी तो दारापर्यंत आला आणि नेहमीप्रमाणे "नीट जा" म्हणाला. कर्जतला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिने लागली, खिडकीबाहेर वडापाववाल्यांची धावपळ झाली, आणि ३७ फुटांना एक फूट असा तो चढ गाडी चढू लागली. पुण्यात उतरल्यावर पिशवी हलकी का लागते आहे हे पाहिले तेव्हा लक्षात आले की आईचा डबा त्याच्याच ओट्यावर राहिला आहे.

आईने दोन दिवसांनी विचारलेच, "तो चौकोनी डबा कुठे गं?" मैत्रिणीकडे राहिला म्हणाले. तिने पुढे काही विचारले नाही, पण त्यानंतर तिने ठाण्याचे नावही काढले नाही.

एप्रिलमध्ये कुरियर आले. त्याने डबा स्वच्छ घासून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने चारी बाजूंनी नेटका बांधून पाठवला होता. आराखडे काढणाऱ्याचे हात ते, गाठसुद्धा मधोमध होती. मी बाहेर गेले होते, त्यामुळे तो आईच्या हाती पडला. मी घरात शिरले तेव्हा ती ओट्याशी उभी राहून झाकण उघडून आत पाहत होती.

"रिकामाच पाठवला गं," ती म्हणाली. "चिमूटभर साखर तरी घालायची."